ढीग किती पडला यावर छाटणी मोजू नका

दोन तास तो माणूस झाडावर होता. मी खाली उभा राहून बघत होतो आणि शेवटपर्यंत त्यानं फक्त ११ फांद्या काढल्या, त्यातल्या ७ तर मनगटापेक्षाही बारीक. बाकी सगळा वेळ तो दोरावर इकडून तिकडे सरकत होता, एका ठिकाणी साल अंगठ्यानं दाबून बघितली, एक बेचकं चारही बाजूंनी निरखलं आणि काहीच न करता पुढे गेला. खाली उतरला तेव्हा जमिनीवर जेमतेम एक हातगाडी भरेल एवढा पाला होता. ज्यांनी काम दिलं होतं ते त्या ढिगाकडे बघून म्हणाले, एवढंच? आणि मग पैशांवरून वाद सुरू झाला. कोणती फांदी का काढली आणि कोणती का ठेवली हे तो सांगू बघत होता, पण ऐकून घ्यायला कोणाला वेळ नव्हता, कारण सगळ्यांच्या डोक्यात हिशोब एकच, जेवढा ढीग तेवढं काम.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो. मोठं झाड पाडणं हे कौशल्याचं काम आहे. पण मोठं झाड छाटणं हे वेगळं कौशल्य आहे आणि माझ्या मते त्याहून अवघड. आपण मात्र जवळपास सगळीकडे छाटणी म्हणजे अर्धवट तोडणी असंच धरून चालतो, म्हणजे तीच माणसं, तेच चेनसॉ, तसाच मोबदला, फक्त बुंधा तेवढा शिल्लक ठेवायचा. या गैरसमजापायी जी मोठी झाडं हळूहळू मरतात त्यांची कुठेच मोजदाद होत नाही, कारण कागदावर ती "छाटलेली" असतात.

तोडणीबद्दल आधी बोलतो, कारण ते काम सोपं आहे असं म्हणणं त्या लोकांवर अन्याय होईल. उभं झाड हव्या त्या दिशेला पाडायचं तर पडायच्या बाजूला आधी खाच घ्यावी लागते, साधारण व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकी खोल, मग मागच्या बाजूनं काप घ्यायचा पण आरपार नाही, मधे लाकडाची एक पट्टी राखायची जिची जाडी व्यासाच्या साधारण दहाव्या भागाएवढी. ही पट्टी म्हणजे बिजागरी. झाड तिच्यावर दारासारखं फिरत खाली येतं. पट्टी एका बाजूला जास्त कापली गेली की दिशा हातातून गेलीच म्हणून समजा. मागच्या कापात पाचर ठोकतात म्हणजे झाड मागे बसून करवत अडकत नाही. आणि कापणाऱ्यानं स्वतःची पळवाट काम सुरू करायच्या आधीच मोकळी केलेली असते, मागे तिरकी, ४५ अंशाच्या आसपास, कारण पडताना बुंधा मागे उसळू शकतो आणि बरोबर मागे उभा असलेला माणूस त्यातून क्वचितच वाचतो. खूप कललेलं झाड असेल तर आणखी वाईट, काप पुरा व्हायच्या आतच खोड उभं चिरतं आणि मागची अर्धी फाळ वर उडते. ज्याला हे सगळं जमतं त्याच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे.

इमारतींच्या मधे तर झाड आडवं पाडायला जागाच नसते, वरून तुकड्या तुकड्यानं उतरवावं लागतं. अर्धा मीटर व्यासाचा आणि एक मीटर लांबीचा ओला ओंडका म्हणजे साधारण २०० किलो, आणि तो दोरावर थोडा जरी खाली पडून मग अडला तर त्या झटक्याचा ताण वजनाच्या कितीतरी पट होतो, आणि तो ताण ज्या खोडाला दोर बांधलाय त्याच खोडाला येतो ज्यावर माणूस बसलेला असतो. म्हणजे हिंमत लागते, हिशोब लागतो, दोरांची माहिती लागते.

पण हे सगळं ज्ञान वजनाचं आहे, आणि मुख्य म्हणजे चूक झाली तर ती त्याच मिनिटाला दिसते. झाड भलतीकडे पडलं, भिंत गेली, करवत अडकली, काय चुकलं ते तिथल्या तिथे सगळ्यांना कळतं. म्हणून तोडणारा माणूस कामातून शिकत जातो, दहा वर्षं हेच करणारा माणूस पहिल्या वर्षापेक्षा नक्कीच चांगला तोडतो. छाटणीत असं होत नाही. आज चुकीच्या जागी घेतलेला काप आज अगदी व्यवस्थित दिसतो, पुढच्या वर्षी त्याच्या भोवती नवी साल आलेली दिसते, लोक म्हणतात वा, झाड सावरलं, आणि आत कुजत असतं. फांदी किंवा खोड मोडतं ते ५, १०, कधी २० वर्षांनी, तेव्हा कापणारा माणूस कुठे असतो कोणाला ठाऊक. त्याला स्वतःची चूक कधी दिसतच नाही. ३० वर्षं झाडं छाटतोय असं म्हणणारा माणूस ३० वर्षं तीच चूक करत आलेला असू शकतो आणि त्यात त्याचा खोटेपणा काहीच नसतो, त्याला उत्तरपत्रिका कधी परत मिळालेलीच नसते. माझं सगळं म्हणणं खरं तर या एका गोष्टीवर उभं आहे. जिथे हात आपोआप शिकत नाही तिथे शिकवावं लागतं, तपासावं लागतं, नुसत्या अनुभवावर सोडून चालत नाही.

आणि हे फक्त अडाणी कामगारांबद्दल नाहीये. गेल्या शतकात बराच काळ चांगले जाणकार लोकसुद्धा फांदी खोडाला अगदी सपाट घासून कापायला सांगायचे, आणि त्यामागे कारणही होतं, असा काप घेतला की दोन्ही बाजूंनी नवी साल जोरात वाढते, त्यामुळे जखम लवकर भरतेय असं वाटायचं. मग अमेरिकेच्या वन विभागात अ‍ॅलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते (१९३० ते २००६), त्यांनी एक काम केलं जे आधी फारसं कोणी केलं नव्हतं, हजारो झाडं चेनसॉनं उभी चिरून जखमेच्या आत काय घडतं ते बघितलं. आडव्या कापात नुसता एक डाग दिसतो, उभ्या कापात कूज कुठून सुरू झाली, किती वर किती खाली गेली आणि कुठे अडली तो सगळा इतिहास दिसतो. त्यांच्या लक्षात आलं की झाड जखम आपल्यासारखी बरी करत नाही. आपल्या कातडीवर ओरखडा आला की तिथेच नव्या पेशी येतात. झाडाचं जखमी लाकूड कायमचं जखमी राहतं, झाड फक्त त्याच्याभोवती भिंती घालतं आणि पुढचं आयुष्य बाहेरच्या बाजूला नव्या लाकडात जगतं.

१९७७ मध्ये त्यांनी ही कल्पना चार भिंतींच्या रूपात मांडली. कूज वर-खाली जाऊ न देणारी पहिली भिंत सगळ्यात कच्ची, आत गाभ्याकडे जाऊ न देणारी जरा बरी, बाजूंना पसरू न देणारी त्याहून मजबूत, आणि चौथी, जखमेनंतर वाढलेल्या नव्या लाकडाच्या सीमेवरची, सगळ्यात पक्की. म्हणून तर जुन्या झाडाच्या पोटात मोठी ढोली असते आणि बाहेरून ते हिरवंगार असतं. आता फांदी खोडाला जिथे मिळते ती जागा बघा. खालच्या बाजूला जरा फुगीर कडं असतं, कॉलर म्हणतात त्याला, आणि वरच्या बेचक्यात सालीची सुरकुतलेली उभी रेघ असते. त्या कड्याच्या आत झाडानं स्वतःच एक संरक्षणाचा पट्टा तयार ठेवलेला असतो, कारण फांद्या वाळून गळणं हे झाडाला नवीन नाहीये. काप त्या कड्याच्या जरा बाहेर घेतला की खोडाच्या लाकडाला धक्का लागत नाही. सपाट घासून कापलं की कडंच उडवलं, म्हणजे दरवाजाच काढून टाकला, आणि जी कूज फांदीपुरती राहिली असती ती खोडात शिरते. उलट, कड्यापासून लांब खुंट ठेवला तरी वाईट, कारण तो खुंट मरतो, कुजतो आणि तो पूर्ण जाईपर्यंत झाडाला तोंड बंद करता येत नाही. दोन-तीन सेंटीमीटर इकडे की तिकडे, एवढाच फरक असतो, आणि त्यावर पुढची वीस वर्षं ठरतात.

जखमेवर डांबर किंवा रंग फासायची सवय पण अशीच सगळीकडे आहे. शायगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेही वर्षानुवर्षं तपासलं, रंगानं कूज थांबत नाही. काम केल्यासारखं दिसतं एवढंच.

जाड फांदी काढताना तर एका कापात काम करायचंच नसतं. आधी कड्यापासून हातभर लांब खालून एक काप, पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. मग त्याच्या जरा पुढे वरून काप, की फांदी मोडून पडते. आणि वजन गेल्यावर उरलेला खुंट शांतपणे कड्यापाशी काढायचा. पहिला खालचा काप का, तर तो नसेल तर फांदी स्वतःच्या वजनानं पडताना खालची साल ओढत नेते आणि खोडावर हात-दोन हात लांबीची सोलपट निघते. हे तीन काप शिकवायला दहा मिनिटं लागतात. तरी रस्त्यानं चालताना मान वर करून बघा, सोललेली खोडं किती दिसतात ते, मला तर आता दुसरं काही दिसतच नाही.

आता शेंडा मारण्याबद्दल, ज्याच्याबद्दल लिहिताना मला खरंच त्रास होतो. झाड फार उंच झालंय, वादळात पडेल, म्हणून वरचा सगळा भाग एका उंचीवर सरळ रेषेत कापून टाकायचा, मुख्य खोडं तोडलेल्या खांबासारखी उभी. करणाऱ्याला वाटतं धोका कमी केला. झाडाच्या बाजूनं बघा काय होतं. पानं म्हणजे त्याचं स्वयंपाकघर, ते एका दिवसात गेलं. मुळांना आणि खोडाला तर रोज अन्न लागतंच, मग साठवलेल्या पिष्टावर ते जगतं आणि तोच साठा वापरून जिवाच्या आकांतानं सालीखालचे झोपलेले डोळे फोडतं, कापलेल्या कडेला शेकडो धुमारे येतात, सरळ वर, भराभर. लोकांना वाटतं बघा कसं पुन्हा हिरवं झालं. हे धुमारे मूळ फांदीसारखे आतून गुंफलेले नसतात, फक्त बाहेरच्या नव्या थराला चिकटलेले असतात, आणि काही वर्षांतच जुन्या उंचीला जातात. म्हणजे उंची तीच, फक्त आधी जी फांदी वर्षानुवर्षं खोडात रुजलेली होती तिच्या जागी आता कुजत चाललेल्या तोंडावर वरवर चिकटलेल्या दहा जड काठ्या. त्यात जी साल कायम सावलीत होती तिच्यावर अचानक ऊन पडतं आणि ती भाजून तडकते, तिथून आणखी बुरशी. धोका कमी करायला म्हणून घेतलेला काप काही वर्षांनी जास्त धोका घेऊन परत येतो, आणि तोपर्यंत सगळे विसरलेले असतात की हे आपणच केलं.

उंची खरंच कमी करायची असेल तर तीही रीत आहे, पण ती सावकाश चालते. लांब फांदी मधेच न कापता तिला फुटलेल्या अशा एका बाजूच्या फांदीपर्यंत मागे घ्यायची जी कापलेल्या भागाच्या निदान एक तृतीयांश जाड असेल, म्हणजे ती पुढचं काम स्वतःवर घेऊ शकते. बाहेरून बघणाऱ्याला कळणारही नाही काप कुठे घेतला. आणि लांब काठीचं टोक थोडं जरी कमी केलं तरी मुळाशी येणारा ताण त्या मानानं बराच जास्त उतरतो, कारण टोकाकडचा वारा सगळ्यात लांब तरफेवर काम करतो. म्हणजे हातगाडीभर पाला काढून जे साधतं ते ट्रकभर फांद्या काढून साधत नाही. त्या दिवशीचा तो माणूस हेच करत होता.

एकदम किती काढावं यालाही मर्यादा आहे, जिवंत पाल्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याहून जास्त एका वेळी काढू नये असं सर्वसाधारणपणे धरतात, आणि झाड म्हातारं किंवा आजारी असेल तर त्याहून खूप कमी.

अजून एक प्रकार आहे जो दिसायला फार नीटनेटका असतो म्हणून त्याच्यावर कोणी आक्षेप घेत नाही. फांदीवरचा आतला सगळा बारीक पाला साफ करायचा आणि फक्त टोकाला झुबका ठेवायचा, सिंहाच्या शेपटीसारखा. चढणाऱ्याला सोपं जातं कारण आतल्या फांद्यांपर्यंत पोचायला काहीच कष्ट नसतात, टोकाकडे जायला मात्र धाडस आणि दोरकाम दोन्ही लागतं. पण वाऱ्यात झाड टिकतं ते आतल्या लहान-मोठ्या फांद्या वेगवेगळ्या तालात हलतात म्हणून, एकमेकींचा जोर मारतात, सगळं झाड एकदम एका बाजूला झोकांडत नाही. आतलं काढून वजन टोकाला नेलं की प्रत्येक फांदी एक लांब चाबूक होते. म्हणजे बघा, सगळ्यात सोपी छाटणी आणि सगळ्यात चुकीची छाटणी ही पुष्कळदा एकच असते, हातात करवत असलेला माणूस जिथे सहज पोचतो तिथे कापतो. खोडात काटे रोवून चढण्याचं पण तेच. पाडायच्या झाडावर काटेरी बूट घालून चढलं तर काही बिघडत नाही, पण छाटायच्या, म्हणजे जगवायच्या झाडावर प्रत्येक पाऊल ही एक नवी जखम असते. एखादा माणूस छाटणीला काटे घालून आला तर मी त्याला बाकी काही विचारणारच नाही, नम्रपणे परत पाठवेन.

इथे कोणी म्हणेल की पूर्वीपासून लोक झाडांचे शेंडे मारत आलेत आणि ती झाडं शेकडो वर्षं जगलीत. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. युरोपात पोलार्डिंग म्हणून पद्धत आहे, लंडनजवळच्या एपिंग फॉरेस्टमध्ये आणि बर्नहॅम बीचेसमध्ये अशी शेकडो वर्षांची झाडं आजही उभी आहेत. पण त्यात झाड लहान असतानाच ठरलेल्या उंचीवर कापायला सुरुवात करतात, मग दर काही वर्षांनी त्याच त्याच जागी येणारे कोवळे फुटवे काढतात, त्या जागेला मोठी गाठ येते आणि ती गाठ कधीही कापत नाहीत. जखमा कायम लहान, कायम ठरलेल्या ठिकाणी, आणि खंड पडू द्यायचा नाही. बर्नहॅममध्ये ही रीत मधे मोडली, जाड झालेल्या फांद्या अनेक दशकांनी पुन्हा एकदम कापून बघितल्या तर त्यातली काही झाडं ते सोसू शकली नाहीत, मेली. नंतर तिथे टप्प्याटप्प्यानं काम करावं लागलं. म्हणजे जे उदाहरण शेंडा मारण्याच्या बाजूनं देतात ते खरं तर माझ्या बाजूचं आहे, त्यात पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त आहे, आणि साठ वर्षांच्या झाडाचं डोकं एका दुपारी उडवण्यात ती शिस्त कुठेच नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. झाड पडून माणूस गेला तर? छाटणी करत बसण्यापेक्षा धोक्याचं झाड काढून टाका, जीव महत्त्वाचा. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि काही झाडं पाडलीच पाहिजेत असं मी अगदी मनापासून म्हणतो. मुळं कुजलेली आहेत, बुंध्याशी जमिनीत तडा गेलाय, एका वादळात झुकून माती उचलली गेलीय आणि खाली माणसांची रोजची ये-जा आहे, तिथे छाटणी हा उपाय नाही, तिथे छाटणी करून पैसे घेणं ही फसवणूक आहे. पण "ढोली आहे म्हणून पाडा" हे जे सर्रास चालतं त्याला माझा विरोध आहे. साधं गणित आहे, पोकळ नळी वाकायला किती विरोध करते ते व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतं. खोडाच्या व्यासाच्या ७० टक्के भाग बरोबर मधे पोकळ असेल तर निम्मं लाकूड गेलेलं असतं, पण वाकण्याला विरोध करणारी ताकद फक्त २४ टक्क्यांनी कमी झालेली असते, तीन चतुर्थांश शिल्लक. जर्मनीतले क्लाउस माथेक यांनी पडलेल्या आणि उभ्या झाडांचा अभ्यास करून असंच काहीसं मांडलं, की उरलेली भिंत त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांशाहून जाड असेल तर निव्वळ पोकळीमुळे खोड मोडायची शक्यता कमी. या नियमावर जाणकारांत वाद आहेत, पोकळी एका बाजूला उघडी असेल किंवा भिंतीला चीर असेल तर तो तसाच लावता येत नाही, हे खरं. पण वाद घालायला आधी कोणीतरी मोजायला तर हवं. नुसतं भोक बघून निकाल देणं हे काही निदान झालं नाही.

आणि पाडल्यावर "बदल्यात दहा रोपं लावू" म्हणतात ना, त्याचाही हिशोब करून बघा. १५ मीटर रुंद पसरलेल्या झाडाची सावली जमिनीवर जेवढी जागा झाकते तेवढी झाकायला १ मीटर पसरलेली २२५ रोपं लागतील, १५ गुणिले १५. आणि ती सुद्धा उंचावरची सावली नाही, गुडघ्याएवढी.

खरं म्हणजे सगळ्यात चांगली छाटणी मोठ्या झाडावर होतच नाही, ती झाड लहान असताना होते. दोन शेंडे बरोबरीनं वर चाललेत, त्यांच्या मधल्या बेचक्यात साल आत दबली जातेय, हे पाचव्या-सातव्या वर्षी दिसतं आणि साध्या हातकातरीनं एक शेंडा मागे घेतला की प्रश्न संपतो, जखम बोटाएवढी. तेच चाळीस वर्षं तसंच सोडलं की दोन प्रचंड खोडं एकमेकांना चिकटून उभी, मधे जोड नाही, फक्त दाबलेली साल, आणि मग तिथे तुमच्यापुढे तीनच वाटा, तारेनं बांधा, खूप मोठा काप घ्या किंवा पाडा, आणि तिन्ही महाग. पण लहान झाडाच्या छाटणीला कोणी पैसे देत नाही कारण तिचा तर ढीगही पडत नाही.

म्हणून मी परत ढिगाकडे येतो. मोबदला फांद्यांच्या संख्येवर किंवा ट्रकच्या खेपांवर ठरला की आपण स्वतः पैसे देऊन झाडाचं नुकसान विकत घेतो. कामगाराला दोष देऊन उपयोग नाही, त्याला जास्त कापल्याचे जास्त पैसे मिळतात आणि कमी कापल्यावर ऐकून घ्यावं लागतं, तो दुसरं काय करणार. काम देताना लेखी असायला हवं की छाटणी कशासाठी आहे, कोणत्या फांद्या, किती जाडीपर्यंतचे काप, कुठपर्यंत मागे घ्यायचं. फक्त "झाड छाटून हलकं करणे" असं लिहिणं म्हणजे डॉक्टरनं कागदावर "पोट कापणे" लिहिण्यासारखं आहे. हे काही माझ्या मनचे मांडे नाहीत, ब्रिटनचं बीएस ३९९८ आणि अमेरिकेचं ए ३०० ही मानकं नेमकं हेच सांगतात, आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धकांची संघटना आयएसए १९२४ पासून आहे आणि तिची परीक्षा, प्रमाणपत्र वगैरे सगळं आहे. ज्ञान कधीचं उपलब्ध आहे, फक्त झाडाखाली उभं राहून काम देणाऱ्या माणसापर्यंत ते आलेलं नाहीये.

परवानगीचं पण तेच. बऱ्याच शहरांत झाड पाडायला परवानगी लागते, नोटीस लागते, लोक हरकत घेतात, ते चांगलंच आहे. पण छाटणीला एक साधा अर्ज, किंवा तोही नाही. त्यामुळे ज्याला झाड नकोय त्याला सरळ वाट सापडते, दोन-तीन वेळा शेंडा मारा, मग झाड स्वतःच धोकादायक होतं, मग पाडायची परवानगी आपोआप मिळते. मी म्हणतो एका ठरावीक जाडीच्या वरचा प्रत्येक काप, समजा १० सेंटीमीटर, हा पाडण्याइतक्याच गांभीर्यानं नोंदवला पाहिजे, कोणी घेतला, का घेतला, कड्यापाशी घेतला का मधेच, फोटोसकट. आणि दोन-तीन वर्षांनी त्याच माणसाला त्याच झाडाखाली परत आणून ते काप दाखवले पाहिजेत. शिक्षा म्हणून अजिबात नाही. मघाशी म्हटलं तसं, त्याला त्याची उत्तरपत्रिका परत मिळायला हवी.

सुरुवातीला ज्या झाडाबद्दल लिहिलं ते अजून उभं आहे, ११ पैकी ९ जखमा आता बंद झाल्यात, दुर्बिणीतून बघितल्या मी. त्याच रस्त्यावर पुढे एक झाड होतं, तेवढंच मोठं, त्याच वर्षी त्याचा शेंडा अर्ध्या दिवसात मारला होता, ट्रक भरून फांद्या गेल्या होत्या आणि त्या कामावर सगळे खूष होते. ते सहा वर्षांनी पाडलं. पाडलेल्या दिवशी मी तिथे गेलो, ओंडके रस्त्याच्या कडेला पडले होते, आणि जुन्या कापाच्या जरा खालचा एक ओंडका उलटवून बघितला. मधे सगळं तपकिरी, भुसभुशीत, बोट आत जाईल असं, आणि त्याच्या बाहेर पांढऱ्या, घट्ट लाकडाचं एक कडं, स्वच्छ रेषेनं वेगळं झालेलं. त्या पांढऱ्या भागातली वलयं मोजली तर बरोबर सहा भरली. बुंध्याला अडकवलेल्या परवानगीच्या कागदावर कारण लिहिलं होतं, "झाड नैसर्गिकरीत्या कुजलेले".